चौदा मण्यांची माळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीने औषधाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालो. शाळा सुटल्यानंतर विज्ञानाशी माझा संबंध आला तो घरातला फ्यूज बदलण्यापुरता. कविता लिहिल्या आणि सव्वीस वर्षे एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची देवघेव सांभाळली. आज मी ज्या लायब्ररीविषयी बोलणार आहे, तिच्यात मात्र एकही पुस्तक नाही. तिथे मला जावे लागले ते घरच्या कारणाने. ते कारण माझ्या भाचीची परवानगी घेऊनच सांगतो.

माझ्या थोरल्या आपाची ही मुलगी. एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर निळे-जांभळे डाग दिसू लागले. कुठे आपटल्याचे, पडल्याचे तिला काही आठवत नव्हते. शाळेतल्या एका बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारले, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ प्रश्न मायेचा होता, पण त्याचा रोख तिच्या नवऱ्यावर होता. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. एका रात्री आपाचा फोन आला. दबक्या आवाजात ती म्हणाली, ‘तू एकदा त्याला विचारशील का रे?’ जावई सरळ, मितभाषी माणूस. मी त्याला विचारले नाही. पण पुढचे कित्येक दिवस त्याच्या हातांकडे माझे लक्ष जात राहिले, हे आज कबूल करतो.

मग एके सकाळी दात घासताना भाचीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, ते थांबेना. रक्त तपासले. प्लेटलेटची संख्या नऊ हजार होती. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्त गोठवण्याचे काम या पेशींचे. त्या फार कमी झाल्या की मार न लागताही कातडीखाली रक्त झिरपते. तिच्या शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजून नष्ट करत होती. या विकाराला इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला आयटीपी म्हणतात.

आधी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. आकडा वर गेला; गोळ्या कमी केल्या की पुन्हा खाली आला. चेहरा सुजला, झोप उडाली. प्लीहा काढून टाकण्याचाही विषय निघाला. मग डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे एक इंजेक्शन सुचवले. त्याचे नाव रोमिप्लोस्टिम. भाचीने चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि विचारले, ‘मामू, नावच एवढं अवघड. ह्यात आहे तरी काय?’ डॉक्टर म्हणाले होते, ‘हे पेप्टाइड आहे, लायब्ररीतून निघालेलं.’ लायब्ररी म्हटल्यावर मला गप्प बसता येईना. मी वाचायला लागलो.

आपल्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, मोठमोठ्या पेशी असतात. प्लेटलेट तयार होतात त्यांच्यापासून. ‘आता प्लेटलेट तयार करा’ असा निरोप त्यांना देणारे एक संप्रेरक शरीरात असते, थ्रॉम्बोपोएटिन. त्या पेशींवर या निरोपासाठी एक खास जागा, एक रिसेप्टर असतो. त्याला कुलूप म्हणा. संप्रेरक ही त्याची किल्ली. ही किल्ली १९९४ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागली. तीच प्रयोगशाळेत बनवून रुग्णाला द्यावी, हा विचार ओघानेच आला. तिच्यासारखेच एक औषध बनवून माणसांवर चाचण्याही झाल्या. पण काही जणांच्या शरीराने त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. औषध मूळ किल्लीसारखेच असल्यामुळे ती प्रतिपिंडे शरीराच्या स्वतःच्या किल्लीवरही तुटून पडली. ज्यांना काही आजार नव्हता अशा काही लोकांच्याही प्लेटलेट घसरल्या. १९९८ साली ते काम थांबवावे लागले.

म्हणजे हवे काय होते? कुलूप उघडावे, पण मूळ किल्लीशी जिचा चेहरा जुळत नाही, अशी किल्ली. अशी किल्ली कुणी डोक्याने रचायची? इथे लायब्ररीचे काम सुरू होते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. आपल्या शरीरातली प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत. मणी वीस रंगांचे आहेत असे समजा. दोन मण्यांच्या माळा ४०० प्रकारे ओवता येतात, तीन मण्यांच्या ८ हजार प्रकारे, सहा मण्यांच्या ६ कोटी ४० लाख प्रकारे. चौदा मण्यांपर्यंत गेलो तर १६ वर १७ शून्ये इतक्या माळा होतात. यांतली कोणती माळ आपल्या कुलपात बसेल, ते आधी सांगणे फार कठीण. मग एकच मार्ग उरतो. जमतील तितक्या वेगवेगळ्या माळा तयार करायच्या, सगळ्या कुलपापुढे ठेवायच्या आणि कोणती चिकटते ते पाहायचे. अशा माळांच्या साठ्याला पेप्टाइड लायब्ररी म्हणतात.

पण कोट्यवधी माळा ओवायच्या कशा? अमेरिकेत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. माळेचे एक टोक प्लॅस्टिकच्या बारीक दाण्याला पक्के बांधायचे आणि एकेक अमिनो आम्ल जोडत जायचे. प्रत्येक वेळी नको ते धुऊन टाकले की झाले. माळ दाण्याला धरून राहते. त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९८५ साली रिचर्ड हॉटन यांनी असे दाणे चहाच्या पुडीसारख्या जाळीच्या पिशव्यांत भरले. जिथे सारखेच अमिनो आम्ल जोडायचे तिथे सगळ्या पिशव्या एकत्र बुडवल्या. चार आठवड्यांच्या आत तेरा मण्यांच्या २४८ वेगवेगळ्या माळा तयार झाल्या. त्या काळात ही मजल मोठी होती.

त्याआधीच हंगेरीत आर्पाद फुर्का या रसायनशास्त्रज्ञाला याहून सोपी वाट सुचली होती. १९८२ साली त्यांनी ती कागदावर मांडून बुडापेस्टच्या नोटरीकडे नोंदवून ठेवली. वाट अशी. दाण्यांचे वीस भाग करा, वीस वाट्यांत ठेवा. प्रत्येक वाटीत एक-एक वेगळे अमिनो आम्ल जोडा. मग सगळे दाणे एकत्र कालवा, पुन्हा वीस भाग करा, पुन्हा जोडा. सहा फेऱ्या झाल्या की जोडणीची कामे होतात फक्त १२०, आणि दाणे पुरेसे असतील तर माळा तयार होतात ६ कोटी ४० लाख. प्रत्येक फेरीत एक दाणा एकाच वाटीत जातो, म्हणून एका दाण्यावर एकाच प्रकारची माळ असते. १९९१ साली किट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाणेच थेट कुलपापुढे ठेवून त्यांतून नेमके दाणे निवडून दाखवले.

वाचनालयात काम केलेल्या माणसाला इथे एक शंका येते. कोट्यवधी पुस्तके आहेत, पण एकावरही दाखल अंक नाही. हवे ते हाती लागले तरी ते कोणते, हे ओळखायचे कसे? दाण्यावरची माळ एकेक मणी सोडवून वाचता येते, पण ते काम वेळखाऊ असते. या शंकेचे सुंदर उत्तर जॉर्ज स्मिथ या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने दिले. त्यासाठी त्यांनी मदत घेतली एका विषाणूची.

हा विषाणू माणसाच्या वाटेला जात नाही. तो जीवाणूंमध्ये वाढतो. त्याला फाज म्हणतात. स्मिथ यांनी घेतलेला फाज धाग्यासारखा असतो. त्याची लांबी जेमतेम मिलिमीटरचा हजारावा भाग. आत डीएनए, बाहेर प्रथिनांचे आवरण. स्मिथ यांनी आवरणाच्या टोकाला असलेल्या प्रथिनाच्या जनुकात एका परक्या जनुकाचा तुकडा घातला. झाले असे, की त्या परक्या प्रथिनाचा तुकडा फाज आपल्या टोकावर मिरवू लागला. ते प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने साध्या फाजांच्या गर्दीतून नेमके असे फाज धरून ठेवले. हे संशोधन १९८५ साली प्रसिद्ध झाले. वाचनालयाच्या भाषेत सांगायचे तर पुस्तकाच्या पाठीवर जे दिसते, त्याचाच दाखल अंक पुस्तकाच्या पोटात असतो. बाहेरची माळ चिकटली की आतला डीएनए वाचायचा. माळेतले मणी कोणते ते कळते. आणि एकाच प्रतीच्या लाखो प्रती हव्या असतील तर तो फाज जीवाणूंत सोडायचा. प्रती आपोआप निघतात.

१९९० साली जेमी स्कॉट आणि स्मिथ यांनी सहा मण्यांच्या कोट्यवधी माळा फाजांवर बसवून खरीखुरी लायब्ररी उभी केली. त्याच वर्षी आणखीही काही गटांनी अशाच लायब्ररी प्रसिद्ध केल्या. शोधण्याची रीत आपल्या घरातल्या बाईला लगेच कळेल. ती धान्य पाखडते तशीच ही रीत. कुलपाचे रेणू एका पृष्ठभागावर पक्के बसवायचे. त्यावर फाजांची सगळी लायब्ररी ओतायची. मग धुवायचे. ज्यांना कुलूप आवडले नाही ते वाहून जातात, ज्यांनी घट्ट धरले ते राहतात. राहिलेले सोडवून जीवाणूंत वाढवायचे आणि पुन्हा पाखडायचे. तीन-चार वेळा असे झाले की ढिगातून मूठभर उरतात. त्यांचे डीएनए वाचायचे.

मला या रीतीत सर्वांत भावली ती तिची कबुली. ‘उत्तर आम्हाला ठाऊक नाही’ हे इथे पहिल्याच पायरीला मान्य केलेले असते. पण म्हणून अंधारात हात मारलेला नसतो. माळा मोजून-मापून तयार केलेल्या असतात, धुणे कडक असते, निवड कुलपाची असते. शास्त्रज्ञाचा आवडता तर्क तिथे चालत नाही.

आता भाचीच्या इंजेक्शनाकडे येतो. थ्रॉम्बोपोएटिनच्या कुलपावर अशाच लायब्ररी वापरून केलेले काम १९९७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या पाखडणीत छोट्या माळांची दोन घराणी सापडली. त्यांचे मणी मूळ संप्रेरकातल्या मण्यांच्या क्रमाशी कुठेच जुळत नव्हते. संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांतल्या एका घराण्यात थोडे थोडे फेरफार करून नव्या लायब्ररी केल्या, पुन्हा पाखडले. शेवटी चौदा मण्यांची एक माळ हाती आली. मूळ संप्रेरक ३३२ मण्यांचे. ही चौदा मण्यांची माळ कुलपाला घट्ट बसत होती, त्याला जागेही करत होती, पण दुबळेपणाने.

मग त्यांनी अशा दोन माळा एका टोकाला जोडल्या. ताकद एकदम काही हजार पटींनी वाढली. पेशींवरच्या चाचणीत ही जोडी मूळ संप्रेरकाच्या तोडीस तोड ठरली. याचे कारण कुलपाच्या रचनेत आहे. पेशीवरचे दोन रिसेप्टर एकमेकांजवळ आणले की निरोप आत पोचतो. एक माळ एकालाच धरते, जोडी दोघांना जवळ ओढते. हे वाचताना मी कागद बाजूला ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. गझल लिहिणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. एक मिसरा कितीही चांगला असला तरी तो शेर होत नाही. दुसरा येऊन बसला की पहिलाही बोलू लागतो.

पण नुसती माळ रक्तात टिकत नाही. शरीर तिचे तुकडे करते, मूत्रपिंडे तिला बाहेर टाकतात. म्हणून औषध बनवताना या माळा प्रतिपिंडाच्या शेपटीकडच्या भागाला जोडल्या. त्या जोडणीमुळे औषध शरीरात दिवसचे दिवस राहते. एका रेणूवर अशा चार माळा असतात. २००८ साली अमेरिकेत या औषधाला आयटीपीसाठी मान्यता मिळाली. मूळ किल्लीशी चेहरा जुळत नसल्यामुळे, शरीराने या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे केली तरी ती स्वतःच्या संप्रेरकावर तुटून पडण्याची भीती उरत नाही. १९९८ साली जिथे वाट बंद झाली होती, तिथूनच ही दुसरी वाट निघाली.

लायब्ररीतून निघाले म्हणजे औषध झाले, असे मात्र नाही. रक्तातल्या लाल पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या कुलपासाठीही अशीच, मुळाशी न जुळणारी माळ सापडली होती. त्यातून पेजिनेसाटाइड नावाचे औषध तयार झाले. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते बाजारातून परत घ्यावे लागले. काही रुग्णांना त्याची जीवघेणी ॲलर्जी झाली. कुलपात किल्ली बसते का, एवढेच लायब्ररी सांगते. घरात पाऊल टाकल्यावर काय होते, ते माणसांवरच्या दीर्घ, सावध चाचण्यांतूनच कळते, आणि कधी कधी त्यांतूनही पुरते कळत नाही.

स्मिथ यांची युक्ती पुढे इंग्लंडमध्ये ग्रेग विंटर यांनी प्रतिपिंडांसाठी वापरली. पेप्टाइडाऐवजी त्यांनी प्रतिपिंडाचा तुकडा फाजावर बसवला. त्या वाटेने आलेले ॲडालिमुमॅब हे सांधेदुखीच्या एका गंभीर प्रकारावरचे औषध २००२ सालच्या अखेरीस मान्य झाले आणि पुढे जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांत गणले गेले. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल अर्धे फ्रान्सेस अरनॉल्ड यांना मिळाले, उरलेले अर्धे स्मिथ आणि विंटर यांना मिळून. आता अशा लायब्ररी विषाणूशिवाय, परीक्षानळीतही बनतात आणि त्यांतल्या माळांची संख्या कित्येक पटींनी वाढली आहे. स्नायूंच्या दुबळेपणाच्या एका आजारावरचे झिलुकोप्लान हे पेप्टाइड त्या नव्या रीतीने सापडले. त्याला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

आमच्या घरी मात्र प्रश्न नोबेलचा नव्हता, बिलाचा होता. महिन्याच्या इंजेक्शनांचा खर्च भाचीच्या पगारात मावत नव्हता. विम्याचा अर्ज परत आला. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले इंजेक्शन त्यात बसत नाही, असे कळवले गेले. आपाने आपल्या पाटल्या मोडल्या. नंतर डॉक्टरांनी भारतात बनणारे याच औषधाचे रूप लिहून दिले. खर्च हलका झाला असे म्हणवत नाही, पण पेलता येऊ लागला. ज्ञान जगाच्या एका टोकाला जन्मते. ते आपल्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचायला अनेक वर्षे लागतात, आणि शेवटचे चार पैशांचे अंतर सगळ्यांत लांब असते. कुठल्या औषधाला सरकारी योजनेत जागा मिळावी, याची चर्चा करताना हे अंतर चालून आलेल्या माणसांनाही कुणी विचारले पाहिजे.

हे औषध आजार मुळापासून काढत नाही. ते थांबवले की प्लेटलेट पुन्हा घसरू शकतात. डॉक्टरांचा आग्रह दीड लाखांचा नाही. पन्नास हजारांच्या वर राहिले की रक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो, असे ते सांगतात. भाचीचा आकडा गेले वर्षभर सत्तर-ऐंशी हजारांच्या आसपास आहे. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात जाते. जावई तिला स्कूटरवरून नेतो.

एका मंगळवारी मीही तिथे होतो. भाची आत गेली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघेच. मी त्याला म्हणालो, ‘बेटा, ते डाग दिसत होते तेव्हा माझ्या मनात तुझ्याविषयी भलतं आलं होतं. माफ कर.’ त्याने जरा वेळ खाली पाहिले. मग म्हणाला, ‘मामू, ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही माझ्या हातांकडे बघत होता.’

मला उत्तर आधीच ठाऊक होते, ही माझी चूक. तपासायचे राहून गेले होते.

म्हणून शेवटी एवढेच सांगतो. तुमच्या ओळखीच्या कुणा मुलीच्या अंगावर असे डाग दिसले, तर तिला एकटीला गाठून मायेने विचारा. कारण जो संशय आम्हाला आला तो अनेक घरांत खरा असतो. पण त्याच दिवशी तिच्या रक्ताची तपासणीही करून घ्या. साधी तपासणी आहे, तालुक्याच्या गावातही होते. आमच्या भाचीची ती तीन आठवडे उशिरा झाली.